मागच्या बाजूचे स्पीकर

बाजारांत एखादी वस्तु आंकड्यावर विकूं लागली, म्हणजे तिचें काम काय हा प्रश्न मागें पडतो. घरीं चित्रपट पाहण्यासाठीं व संगीत ऐकण्यासाठीं स्पीकरांचे जे संच मिळतात, त्यांचें आज असेंच झालें आहे. खामगांव, मलकापूर, चिखली किंवा खुद्द बुलढाणा, कोणत्याही गांवच्या दुकानांत गेलांत तरी खोक्यावर ठळक अक्षरांत ५.१, ७.१ असे आंकडे छापलेले दिसतील. पांच म्हणजे पांच स्पीकर, आणि टिंबापुढील एक म्हणजे केवळ खर्जाचा आवाज देणारा सबवूफर. ग्राहक आंकडा पाहतो, किंमत विचारतो व खोकें घरीं आणतो. समोरचे तीन स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूस बसतात, सबवूफर कोपऱ्यांत जातो. राहिलेले दोन कोठें ठेवावे हें मात्र कोणी सांगितलेलें नसतें. मग एक कपाटावर चढतो, दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर विसावतो, आणि चार दिवसांनीं घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतात, "बाबा रे, तो मागचा गलका आधीं बंद कर!" कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या पैशांतून बाजूला काढलेली रक्कम अशा रीतीनें कपाटावर धूळ खात पडते.

या मागच्या दोन स्पीकरांविषयींच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. माझें सांगणें थोडक्यांत असें कीं, मागच्या स्पीकरचें काम आवाज करणें हें नसून जागा निर्माण करणें हें आहे. हें एकदां मनांत ठसलें, म्हणजे ते कोणते घ्यावे व कोठें ठेवावे हे दोन्ही प्रश्न पुष्कळसे आपोआप सुटतात.

प्रथम कानाचा विचार करूं. आपल्या दोन कानांत सुमारें एक वीत अंतर आहे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित् उशिरां पोंचतो. हा उशीर सेकंदाच्या एका हजारांशाहूनहि कमी असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. उंच पट्टीच्या बारीक आवाजाला डोक्याचा आडोसा होतो आणि तो पलीकडच्या कानाला मंद ऐकूं येतो. ही दुसरी खूण. या दोन्ही खुणांची फोड इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं केली. परंतु आवाज नेमका समोर किंवा नेमका पाठीमागें असेल तर दोन्ही कानांना तो सारखाच पोंचतो, आणि मग कानाच्या पाळीच्या वळणांतून त्याचा जो रंग बदलतो त्यावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून पाठीमागची आपली जाण समोरच्यापेक्षां ढोबळ असते. मात्र ती पहारेकऱ्यासारखी जागी असते. शेतांत काम करतांना मागें पाचोळा वाजला कीं मान आधीं वळते, विचार नंतर येतो. मागचा स्पीकर अवचित कर्कश बोलला तर मन चित्रपटांतून वा गाण्यांतून उठून पाठीमागें धांवतें, तें यामुळेंच.

कान आणखी एक काम निमूटपणें करीत असतो. आपण कोणत्या जागेंत आहों हें तो सांगतो. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरांत डोळे मिटून उभे राहा. आपल्याच पावलांचा आवाज दगडी भिंतींवरून व छतावरून वारंवार परत येतो आणि आपण दगडी बंदिस्त जागेंत आहों हें पाहिल्यावांचून कळतें. तेथून उठून सरोवराच्या कांठावर जा. या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. कांठावर वाजविलेली टाळी पलीकडे जाऊन परत येण्यास दहा सेकंदांहून अधिक काळ लागेल, आणि तेवढ्या वाटचालींत ती इतकी क्षीण होईल कीं कानाला तिचा पत्ता लागणार नाहीं. परत कांहीं येत नाहीं, म्हणूनच कान सांगतो कीं येथें मोकळें आकाश आहे. उलट आपल्या बारा फुटी खोलींत समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत कानाशीं येतो. इतक्या लवकर आलेला पडसाद मेंदू निराळा मोजीत नाहीं, मूळ आवाजांतच मिसळून घेतो. या गुणावर हेल्मूट हास या जर्मन संशोधकानें १९४९ सालीं केलेलें काम प्रसिद्ध आहे. पडसाद म्हणून ऐकूं न येतांहि जागा म्हणून जाणवणारा असा हा आवाज आहे.

चांगल्या ध्वनिमुद्रणांत गायकाबरोबर ही जागाहि टिपलेली असते. दोनच स्पीकर समोर असले म्हणजे ती सगळी समोरच्या भिंतींत कोंबली जाते. मागचे स्पीकर तिला तिच्या दिशेनें मोकळी करतात. शेगांवला दिंडी येते तेव्हां तिच्यासमोर उभें राहून ऐकणें निराळें आणि टाळकऱ्यांच्या मधोमध चालत ऐकणें निराळें, हें आपल्या जिल्ह्यांतील माणसास समजावून सांगावयास नको. दुसऱ्या प्रकारांत टाळ खांद्यामागून येतो, मृदंग एका अंगास असतो, आणि तरीहि कोणी मान वळवून पाठीमागें पाहत नाहीं. मागच्या स्पीकरांनीं साधावयाचें तें हेंच.

ही कल्पना कांहीं आजची नाहीं. इंग्लंडांत ॲलन ब्लूमलाइन यांनीं दोन वाहिन्यांच्या ध्वनीचें पेटंट १९३१ सालीं मागितलें. १९४० सालीं डिस्नेच्या 'फँटेशिया' चित्रपटासाठीं न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत प्रेक्षकांच्या सभोंवतीं स्पीकर मांडले होते. आपल्याकडे १९७५ च्या ऑगस्टांत आलेल्या 'शोले' नें ७० मिलिमीटरच्या पडद्याबरोबर अनेक वाहिन्यांचा ध्वनि आणला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहांत नाणें पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखालीं पाहूं लागत, असें सांगतात. गोष्ट थोडी फुगविलेली असेल, पण तिच्यांत कानाचा स्वभाव बरोबर सांपडला आहे. त्याच दशकांत घरगुती संगीतासाठीं चार स्पीकरांची क्वाड्राफोनिक पद्धति निघाली होती; परंतु परस्परांशीं न जुळणारे तीन-चार प्रकार एकाच वेळीं बाजारांत आल्यानें ती टिकली नाहीं. १९९२ पासून चित्रपटांत ५.१ चा डिजिटल ध्वनि आला, तोच पुढें डीव्हीडीच्या तबकडीवरून घरांत शिरला. संगीतासाठीं १९९९ सालीं सुपर ऑडिओ सीडी निघाली, आणि २०१२ पासून छताकडून येणाऱ्या आवाजाचीहि सोय असलेली ॲटमॉस पद्धति चालूं झाली.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे वरातीपुढें चालणाऱ्या स्पीकरांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणण्याची चाल पडली आहे. ज्या रे डॉल्बी यांचें हें नांव, ते १९६३ पासून दोन वर्षें संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतांतच होते. आणि १९६५ सालीं लंडनला त्यांनीं आपली संस्था काढली ती ध्वनिफितींतील खरखर कमी करण्यासाठीं! गोंगाट कमी करणाऱ्याचें नांव आम्ही गोंगाटाला दिलें. घरांतील मागच्या स्पीकरांच्या बाबतींत हाच घोटाळा होऊं नये.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, आपणांस चित्रपट पाहावयाचे आहेत, कीं अनेक वाहिन्यांचें संगीत ऐकावयाचें आहे? चित्रपटांत मागच्या वाहिन्यांकडे बहुधा पाऊस, वारा, गर्दी, रात्रीचे किडे, पार्श्वसंगीताची झुळूक एवढेंच येतें. चित्रपटगृहाच्या भिंतींवर हे स्पीकर ओळीनें बसविलेले असतात. त्यांतील अमुक एक वाजला असें ऐकणाऱ्याला वाटूं नये हाच हेतु. घरांत दोनच स्पीकरांनीं हें साधावें म्हणून दोन विरुद्ध तोंडें असलेले स्पीकर निघाले. त्यांतील डायपोल जातीचा स्पीकर पुढें व मागें आवाज फेंकतो आणि ऐकणाऱ्याच्या बाजूस जवळजवळ मुका असतो. आवाज भिंतींवरून फिरून येतो व त्याचा उगम सांपडत नाहीं. बायपोल जातीचाहि दोन्हीकडे फेंकतो, पण तो इतका लपून बसत नाहीं.

संगीताची गोष्ट निराळी आहे. अनेक वाहिन्यांचें संगीत दोन रीतींनीं बांधतात. एका रीतींत वादक समोर असतात व मागून केवळ सभागृहाचा घुमारा येतो. दुसऱ्या रीतींत ऐकणारा वादकांच्या मधोमध बसतो आणि मागच्या वाहिनींतून सतार, झांज किंवा साथीचे गायक पूर्ण अंगानें येतात. या दुसऱ्या रीतीला डायपोल चालत नाहीं. ज्याचा उगम लपलेला आहे अशा सतारीला कोणी सतार म्हणणार नाहीं. तेव्हां ज्याच्या घरीं दोन्ही व्हावयाचें आहे, त्यानें सरळ तोंडाचे साधे स्पीकर घ्यावे हें उत्तम. ते योग्य उंचीवर ठेवले तर चित्रपटाचें काम चांगलें करतात. डायपोल मात्र कितीहि खटपट केली तरी संगीताचें काम नीट करीत नाहीं.

दुसरी गोष्ट नात्याची. मागचा स्पीकर समोरच्या स्पीकरांचा सख्खा भाऊ नसला तरी चुलत भाऊ तरी असावा. म्हणजे तो एकाच कंपनीच्या एकाच मालिकेंतील असावा, आणि उंच स्वर देणारा त्याचा लहान पडदा, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो समोरच्यासारखाच असावा. कारण आवाज समोरून मागें सरकला कीं त्याचा रंग बदलतां कामा नये. पेटी समोर गोड आणि मागें पत्र्यासारखी वाजली तर डोळे मिटलेल्या माणसालाहि दोन निराळ्या पेट्या ऐकूं येतील, आणि जागेचा भास तेथेंच मोडेल.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि बाजारांतील संचांची खरी मेख येथेंच आहे. सेकंदास ८० आवर्तनांच्या खालचा आवाज कोणत्या दिशेनें येतो हें बंद खोलींत कानाला सहसा कळत नाहीं. म्हणून तेथपर्यंतचा खर्ज सबवूफरकडे द्यावा आणि वरचें सगळें स्पीकरांनीं सांभाळावें अशी वहिवाट आहे. मुठीएवढा स्पीकर ८० पर्यंत उतरूं शकत नाहीं. तो दीडशें-दोनशेंपाशींच दम टाकतो, आणि मधला भागहि सबवूफरवर लादावा लागतो. परिणाम काय होतो पाहा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८० ते १८० च्या दरम्यान असतो, आणि डग्ग्याचा घुमाराहि याच टापूंत येतो. म्हणजे तबल्याची चांट खोलीच्या एका बाजूस वाजते आणि डग्गा पलीकडच्या कोपऱ्यांतून घुमतो. एका वादकाचे दोन हात दोन ठिकाणीं जातात. यासाठीं मागचा स्पीकर मोठा खांबासारखा असण्याची गरज नाहीं. पण पांच ते साडेसहा इंचांचा पडदा असलेली, पुस्तकांच्या फळीवर मावेल अशी लांकडी पेटी असावी. एवढी पेटी ८० पर्यंत सुखानें उतरते. चौथी गोष्ट लहानशी: स्पीकरचा विद्युत्-अवरोध, जो ४, ६ किंवा ८ ओहम असा मागें लिहिलेला असतो, तो आपल्या रिसीव्हरला पेलतो कीं नाहीं हें माहितीपत्रकांत पाहून घ्यावें.

निवड झाली, आतां मांडणी. संगीतासाठीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें जी पद्धति घालून दिली आहे तिच्यांत ऐकणारा वर्तुळाच्या मध्यावर असतो. समोरचे दोन स्पीकर नाकाच्या रेषेपासून ३०–३० अंशांवर, आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. म्हणजे 'मागचे' हें नांव थोडें फसवें आहे. ते पाठीशीं नसून बाजूला, खांद्याच्या किंचित् मागें असतात. कोन मोजण्यास यंत्र नको. एक दोरी व खडू पुरे. समजा वर्तुळाची त्रिज्या सहा फूट आहे. बसण्याच्या जागेपासून सरळ बाजूला साडेपांच फुटांहून थोडें अधिक मोजा, तेथून दोन फूट मागें या, आणि खडूनें खूण करा. ही झाली ११० अंशांची जागा. दुसऱ्या बाजूसहि तसेंच.

खोली दहाच फूट रुंद असेल तर? मग बाजूला चार फूट व मागें दीड फूट या. स्पीकर समोरच्यांपेक्षां सुमारें पावणेदोन फुटांनीं जवळ येईल. जवळचा आवाज लवकर व मोठा येतो. म्हणून रिसीव्हरमध्यें प्रत्येक स्पीकरचें अंतर लिहिण्याची जी सोय असते तेथें खरें अंतर लिहावें, म्हणजे यंत्र त्याला सुमारें दीड सहस्रांश सेकंद थांबवील, आणि त्याची पातळी तीनेक डेसिबलनें उतरवावी. हें दहा मिनिटांचें काम आहे. पण संच विकत घेणारे कितीतरी लोक तें करीत नाहींत.

उंचीचा प्रश्न आपल्या घरांत निराळा आहे. माहितीपत्रकें खुर्चीवर बसलेला एकटा माणूस धरून लिहिलेलीं असतात; त्याचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो. आपल्याकडे आजी दिवाणावर, मुलें सतरंजीवर, आणि कोणीतरी दाराशीं टेकून बसलेला असतो. सतरंजीवरील कान अडीच फुटांवरच येतो. एकट्यानें संगीत ऐकावयाचें असेल तर स्पीकर कानाच्या पातळीवर ठेवावा. सगळें घर चित्रपट पाहणार असेल तर तो बसलेल्यांच्या कानांपेक्षां दोन-अडीच फूट उंच, भिंतीवर पक्का बसवावा. कारण स्पीकरला खेटून बसलेल्याच्या कानाशीं तो पातळींत असला तर त्या बिचाऱ्याला चित्रपटाऐवजीं केवळ पाऊसच ऐकूं येतो. उंच गेलेला स्पीकर सर्वांपासून जवळपास सारखा दूर राहतो. दिवाण मागच्या भिंतीला लागूनच असेल, तर स्पीकर त्या भिंतीवर डोक्यामागें ठोकूं नयेत. बाजूच्या भिंतींवर, दिवाणाच्या रेषेंत ठेवावे, आणि जमल्यास दिवाण दोन फूट पुढें ओढावा.

राहतां राहिली खोली. घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, जुनीं धाब्याचीं घरें जाड मातीच्या भिंतींचीं असत. भिंतींत कोनाडे, खालीं सारवलेली जमीन. त्यांत आवाज फारसा भणभणत नसे. आतांचीं घरें सिमेंटचीं, वर स्लॅब, खालीं गुळगुळीत फरशी. अशा मोकळ्या खोलींत टाळी वाजवा. मागून टणत्कार आला तर समजा कीं खोली स्वतःच पांच स्पीकरांचें काम करीत आहे, आणि तेंहि बेसूर. त्यावर उपाय आपल्या जिल्ह्याच्या मुख्य पिकांतच आहे. ज्या खामगांवच्या कापसाकरितां जलंबहून रेल्वेचा फांटा १८७० सालींच आला, त्या मुलखांत गाद्या, वाकळी व जाड पडदे यांची वाण पडूं नये. फरशीवर सतरंजी, मागच्या भिंतीशीं पुस्तकांचें कपाट किंवा जाड पडदा, एवढ्यानें टणत्कार पुष्कळ निवतो. हें काम नवा स्पीकर घेण्याच्या आधीं करावें. आणि वैशाखांत, जेव्हां खिडकींतला कूलर धो-धो चालतो, तेव्हां मागच्या वाहिनींतील बारीक सूर ऐकूं येत नाहींत म्हणून आवाज चढवूं नये. संच रात्रीं उशिरां, कूलर बंद करून हलक्या आवाजांत जुळवावा व मग तसाच राहूं द्यावा.

शेवटीं पैशाचें. रक्कम मर्यादित असेल, आणि बहुतेकांची ती तशीच असते, तर आधीं समोरचे दोन स्पीकर चांगले घ्यावे. आपलें रागसंगीत, भावगीतें व अभंग यांचें बहुतेक मुद्रण दोन वाहिन्यांचेंच आहे. तें या दोहोंवर समाधानानें ऐकतां येतें. पुढच्या हंगामांत संवादासाठीं मधला स्पीकर, त्यानंतर मागचे दोन त्याच मालिकेंतले. सात किंवा अकरा किरकोळ स्पीकरांपेक्षां पांच नेटके केव्हांहि बरे, आणि पांच किरकोळ स्पीकरांपेक्षां दोन नेटके. दुकानांत जातांना स्वतःच्या ओळखीचें ध्वनिमुद्रण घेऊन जावें. विक्रेत्याला मारामारीचें दृश्य लावूं देऊं नये. रिसीव्हरमधील चांचणीचा 'शूऽऽ' असा आवाज पांचहि स्पीकरांतून फिरवावयास सांगावा. फिरतांना त्याची जागा बदलावी, रंग बदलूं नये. रंग बदलला तर खोकें तेथेंच ठेवून यावें.

घरीं मांडणी झाल्यावर एकच परीक्षा घ्या. ओळखीचा चित्रपट किंवा अनेक वाहिन्यांचें संगीत चालूं असतांना मागचे दोन स्पीकर दिसत आहेत म्हणून ऐकूं येत आहेत असें वाटलें, तर त्यांची पातळी थोडी उतरवा. आतां ते मुळींच वाजत नाहींत असें वाटूं लागलें, म्हणजे ते बंद करून पाहा. बंद करतांच खोली एकदम आंखडली, भिंती जवळ आल्यासारख्या भासल्या, तर समजा कीं मांडणी साधली. आणि दार लोटून घ्यावयास विसरूं नका. वस्तीच्या भागांत बाहेरील आवाज रात्रीं दहानंतर ४५ डेसिबलच्या आंत राहावा असा २००० सालापासून नियम आहे. आपल्या घरांतील पावसानें शेजाऱ्याची झोंप भिजूं नये.